हाडानं ऐकणारा मामा

माझ्या मामाला ऐकू येत नाही, असा निकाल मामीनं केव्हाच देऊन टाकला होता. 'येताना साखर आणा' म्हटलं की मामा हात हलवत घरी येतो. 'नळ गळतोय' म्हटलं की 'हो हो, आलोच' म्हणतो आणि पेपरचं पान उलटतो. "एकतीस वर्षं भिंतीशी बोलतेय मी," मामी म्हणते, "फरक एवढाच, की भिंत चहा मागत नाही."

आता गंमत बघा. हाच मामा ज्या मत्स्यालयात पंपांचा मिस्त्री आहे, तिथं त्याचा कान सगळ्यात तयार समजला जायचा. मत्स्यालय म्हणजे लोकांना दिसतात त्या काचेच्या टाक्या, त्यातले रंगीत मासे आणि अंधार. त्या टाक्यांच्या मागे, भिंतीपलीकडे एक अरुंद बोळ आहे. तिथं नुसते पाइप, वाळूच्या गाळण्या आणि प्रत्येक टाकीचा एकेक पंप. तो बोळ म्हणजे मामाचं राज्य. सकाळी सहाला तो आत शिरणार, खिशातून लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर काढणार, त्याचं टोक पंपाच्या अंगावर टेकवणार, मूठ कानामागच्या हाडावर दाबणार आणि डोळे मिटणार. एका पंपाला अर्धा मिनिट. मग पुढचा पंप.

"बेअरिंग जायला लागलं की आधी कुजबुजतं," मामा सांगायचा, "मग कुरकुरतं, मग बोंबलतं. बोंबललं की रस्त्यावरच्या माणसालाही कळतं. कुजबुजतं तेव्हा ज्याला कळतं तो मिस्त्री."

या स्क्रूड्रायव्हरमुळे त्याला तिथं सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. मासे मात्र त्यानं कधी धड बघितले नाहीत. एकतीस वर्षं मत्स्यालयात काढून त्याला तीनच मासे ओळखता यायचे: मोठा, लहान आणि मेलेला.

मी मामाकडेच राहतो. गावाकडच्या कॉलेजात जीवशास्त्र घेऊन पदवीधर झालो आणि इथं छापखान्यात प्रुफं तपासतो. तीन वर्षं बेडूक फाडून दुसऱ्याच्या जोडाक्षरांवर पोट भरणारा मी काही पहिला नाही. पण त्या पदवीमुळे घरात माझं एक स्थान होतं. पाल पडली तरी मामी मला विचारायची, "तू शिकलायस ना रे हे? मग उचल."

तर सतरा नंबरची टाकी.

त्या टाकीसमोर कुणी थांबत नसे. तळाशी कुजकी पानं, एक आडवं पडलेलं लाकूड आणि पाणी चहासारखं तपकिरी. लोक यायचे, काचेला नाक लावायचे, "रिकामीच आहे," म्हणून पुढं जायचे. त्यातल्या दोन पानांना हातपाय आहेत हे कळायला चिकाटी लागायची. ते बेडूक होते, एक नर आणि एक मादी. ट्रकखाली आल्यासारखे चपटे, त्रिकोणी डोकं, मोहरीएवढे डोळे आणि पुढच्या बोटांच्या टोकांना बारीक चांदण्या. दूरच्या कुठल्या तरी उष्ण देशातल्या संथ नाल्यांत राहणारे. पाण्यातून कधी म्हणून बाहेर येत नाहीत. श्वास घ्यायला तेवढे वर जातात आणि पुन्हा पान होतात. काचेवर पाटी होती: 'पिपा. पाण्यात राहणारा चपटा बेडूक. जीभ नसल्यामुळे मुका.' ही पाटी मत्स्यालयाच्या प्रमुख मॅडमनी नोकरीला लागल्या लागल्या स्वतः लिहिली होती.

माशांना चारा घालणारा जो माणूस, त्याला सगळे चारेवालाच म्हणतात, त्याची या टाकीवर विशेष माया नव्हती. "दोन आहेत की एकच उरलाय, हे मला जेवणाच्या दिवशी कळतं," तो म्हणायचा. "मासा सोडला की तोंडासमोरून गेलेला दिसतो. नंतर दिसत नाही. मधे काय झालं ते विचारू नका." जीभ नाही ना, म्हणून पिपा तोंड उघडून पाणीच ओढतो आणि पाण्याबरोबर मासा. उरलेली शेपटी दोन्ही हातांनी आत कोंबतो. मी ते एकदाच पाहिलं. आमच्या वसतिगृहाची आठवण झाली.

एका सकाळी मामाला सतरा नंबरच्या पंपात टिकटिक ऐकू आली.

बारीक, कोरडी, धातूवर धातू आपटल्यासारखी. चार-पाच वेळा भराभर, मग शांत, मग पुन्हा. मामानं अर्ध्या मिनिटाऐवजी दहा मिनिटं कान लावला आणि निदान केलं: बेअरिंगमधली एक गोळी चिरली आहे. त्यानं टाकीचं अर्धं पाणी काढलं, वॉल्व्ह बंद केला, पंप खोलला, बेअरिंग ओढून काढलं. बोटावर फिरवून पाहिलं तर लोण्यासारखं फिरत होतं. तरी नवं बसवलं, टाकीत ताजं पाणी भरलं, पंप सुरू केला.

दुसऱ्या दिवशी टिकटिक जास्त.

पंधरा दिवसांनी मामानं पुन्हा पंप खोलला. पुन्हा नवं बेअरिंग, पुन्हा अर्धी टाकी ताजं पाणी. टिकटिक आणखी वाढली. तिसऱ्या वेळी त्यानं बेअरिंग बदललंच, वर पंपाचा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, काढून कारखान्यात तपासायला नेला. शाफ्ट सरळ होता. कारखानदारानं मामाकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मामानं घरी येऊन आम्हाला करून दाखवली. मामी म्हणाली, "मी रोज तशीच बघते. तेव्हा दिसत नाही का?"

तीन चांगली बेअरिंगं भंगारात गेल्यावर गोष्ट मॅडमपर्यंत गेली. मॅडम सरळ बाई, उगाच कुणाला घालूनपाडून न बोलणाऱ्या. एका दुपारी त्या बोळात आल्या, चारेवाल्यालाही बोलावलं. दोघांनी आळीपाळीनं पंपाला कान लावला, स्क्रूड्रायव्हरही लावून पाहिला. पंप नुसता घुमत होता.

"मिस्त्री, मला काही ऐकू येत नाही."

"सकाळी येतो आवाज, मॅडम."

"बेअरिंगला सकाळ-दुपार असते?"

मामानं स्क्रूड्रायव्हर बाहीला पुसला. खरं तर हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारायला हवा होता. पण ज्या माणसाचा कान तीस वर्षं चुकला नाही, तो प्रश्न कानाला विचारत नाही, पंपाला विचारतो.

मॅडमनी त्याला कान तपासून यायला सांगितलं. नियम असा, की यंत्रांजवळ काम करणाऱ्या माणसाला धोक्याची घंटा ऐकू आली पाहिजे. नाहीतर फाटकावर तिकिटं फाडायला बसायचं. निवृत्तीला दोन वर्षं होती. "एवढंच ना," मामा म्हणाला, आणि त्या दिवशी रात्री जेवला नाही.

तपासायला मी बरोबर गेलो. "डॉक्टर निघाले डॉक्टरकडे," चारेवाला म्हणाला. मामाला ते ऐकू आलं नाही, किंवा त्यानं ऐकलं नाही. काचेच्या बंद खोलीत त्याला बसवलं, कानावर दोन टोपणं चढवली आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बाहेर तपासणाऱ्या मुलीशेजारी बसलो होतो. ती एकामागून एक आवाज सोडत होती आणि मामा परीक्षेतल्या ढ मुलासारखा छताकडे बघत होता. मधेच एकदा त्यानं झटकन बटण दाबलं. तेव्हा कुणीतरी जिन्यातलं लोखंडी दार आपटलं होतं.

मग त्या मुलीनं टोपणं काढून कानामागच्या हाडावर एक छोटी डबी बसवली. आता मामा दर आवाजाला बटण दाबायला लागला. एकही चुकवला नाही.

"हवेतून येणारा आवाज यांना निम्माच पोचतो," ती मला म्हणाली, "आतला रस्ता अडलाय, जुनं दुखणं दिसतंय. हाडातून मात्र उत्तम ऐकतात. घरी हाक मारलेली ऐकू येते का?"

"नाही," मी म्हटलं. "मामीनं हा निकाल केव्हाच दिलाय."

कागदावर एवढं सगळं लिहायला जागा नव्हती. कागदावर आलं: श्रवणशक्ती कमी. मॅडमनी कागद पाहिला, दोनदा पाहिला, आणि पत्र काढलं. एक तारखेपासून, म्हणजे पुढच्या मंगळवारपासून, मामा फाटकावर.

मामीनं पत्र वाचलं. मला वाटलं, आता ती 'मी सांगत नव्हते?' म्हणणार. पण तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि कप त्याच्या हाताला लागेल असा सरकवला. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

शुक्रवारी सकाळी मामा नेहमीसारखा सतरा नंबरला स्क्रूड्रायव्हर लावून उभा होता, आणि लाईट गेली.

मोठ्या टाक्यांना जनरेटर आहे. सतरा नंबरसारख्या किरकोळ टाक्यांना नाही. सगळा बोळ एकदम गप्प झाला. पंप घुमत घुमत थांबला. मामाला हात काढायचंही सुचलं नाही, आणि त्या थांबलेल्या, मेलेल्या पंपातून त्याच्या हाडात आलं: टिक-टिक-टिक-टिक.

हे मामानं मला त्या संध्याकाळी सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता. "अरे, एकतीस वर्षं पंप ऐकतोय. चालू पंप. बंद पंपाला कोण कान लावतं?"

मग त्यानं जे केलं ते हाडाच्या मिस्त्रीनंच करावं. पंपापासून निघणाऱ्या पाइपवर तो वीत वीत अंतरावर स्क्रूड्रायव्हर टेकवत गेला. गाळणीकडे आवाज बारीक झाला, भिंतीकडे मोठा. भिंतीत पाइप शिरतो तिथं आणखी मोठा. तो वळसा घालून लोकांच्या बाजूला आला, गुडघ्यावर बसला आणि मूठ हाडाला, टोक काचेला लावलं. काच नुसती वाजत होती. लाकडाखालचं धाकटं पान, म्हणजे नर, जागचा न हलता पडून होता. फक्त त्याचा गळा टिकटिकीबरोबर किंचित उडत होता. डोक्यावर पाटी होती: जीभ नसल्यामुळे मुका.

"जीभ नाही आणि बोलतो?" मामी म्हणाली. "काहीतरीच. आणि इथं सगळं असून माणसं बोलत नाहीत."

"तू शिकलायस ना हे?" मामानं मला विचारलं.

मी बेडूक उलटा करून, टाचण्या टोचून शिकलो होतो. त्या अवस्थेत कुठलाच बेडूक बोलत नाही. तरी पदवीची लाज राखायला शनिवारी सकाळी वाचनालय उघडताच गेलो आणि एका जाड पुस्तकात पिपा शोधला. त्याच्या गळ्यात हाडं असतात. ती एकमेकांवर झटक्यानं सोडून तो पाण्यात टिकटिक करतो. मादीला बोलावतो. पाऊस पडून नाल्यात ताजं, थोडं गार पाणी आलं की त्याला जास्तच चेव येतो.

हे शेवटचं वाक्य मी मामाला फोनवर दोनदा ओरडून वाचून दाखवलं. तिकडून त्यानं दुरुस्तीची वही उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "म्हणजे दर वेळी ताजं पाणी मीच भरलं."

म्हणजे आवाज घालवायला मामा जेवढा पंप खोलत होता, तेवढा त्या बेडकाला तिकडं पावसाळा लागत होता.

मामा त्याच पावली मॅडमकडे गेला. मॅडम भल्या, त्या खरंच आल्या. पंप बंद केला, स्क्रूड्रायव्हर हाडावर कसा दाबायचा ते मामानं दाखवलं. मॅडम काचेसमोर गुडघ्यावर बसल्या. पाच मिनिटं गेली. बेडूक पान होऊन पडला होता. दहा मिनिटं गेली. लोक येऊन मॅडमकडेच बघायला लागले. सतरा नंबरपुढं एवढी गर्दी पहिल्यांदाच जमली होती. पाहुण्यांसमोर गाणं म्हण म्हटलं की पोरं जशी मुकी होतात, तसा तो गडी मुका झाला होता.

मॅडम उठल्या, गुडघे झटकले. "मिस्त्री, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण फक्त तुम्हाला येणाऱ्या आवाजावर मी काय लिहू?"

पत्र तसंच राहिलं. रविवारी मामानं घरी बसून स्क्रूड्रायव्हरची मूठ तेलानं पुसली आणि ती पेटीत ठेवली. पेटी बंद केली. पुन्हा उघडून स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "उद्याचा दिवस आहे अजून," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी पावणेसातला माझा फोन वाजला. मामा फोनवर ऐकत नाही, नुसता बोलतो. "स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा काढ. जाळीचा. घेऊन ये. आणि कात्री," म्हणाला आणि ठेवला. मामी आंघोळीला गेली होती ही देवाचीच कृपा. मी पडदा काढला आणि पळालो.

मी पोचलो तेव्हा सतरा नंबरचा पंप बंद होता आणि मामा काचेसमोर मांडी घालून बसला होता. मला म्हणाला, "ओरडू नकोस." मी ओरडलो नव्हतो.

नरानं मादीला मागून कमरेशी घट्ट धरलं होतं. दोघं मिळून तळापासून वर निघायची, सावकाश, जड, भरलेली गाडी चढ चढावी तशी. पाण्याच्या वरच्या अंगाला गेली की उलटी व्हायची, पोटं वर. त्या उलट्या क्षणी मादीतून पाच-सहा पिवळट अंडी सुटायची आणि नराच्या पोटावर थांबायची. मग दोघं गिरकी पुरी करून सरळ होत खाली यायची, आणि ती अंडी मादीच्या पाठीवर पडायची. नर पोटानं ती दाबायचा. अंडी पाठीला चिकटून बसायची. तळाशी जरा दम. मग पुन्हा वर.

"दोन-चार निसटतात," मामा कुजबुजला. त्याची कुजबुज म्हणजे साधारण आपलं बोलणं. "निसटली की थेट पाइपाच्या तोंडाशी. पंप चालू होता. एक गेलं माझ्या डोळ्यांदेखत. म्हणून बंद केला."

टाकीचा पंप न विचारता बंद ठेवणं म्हणजे साधी गोष्ट नाही. पाणी बिघडलं तर मिस्त्रीच्या अंगावर येतं, आणि या मिस्त्रीचा तर तो शेवटचा दिवस होता. मामानं पडद्याचा हातभर तुकडा कापला, चौघडी घातली आणि बाही खांद्यापर्यंत सरकवून हात इतक्या हळू पाण्यात घातला, की मला वाटलं तो झोपी गेला. पाइपाच्या तोंडावर त्यानं पडदा बांधला. जोडी बाजूलाच गिरक्या घेत होती. तिला मामाची पर्वा नव्हती. मग तो बोळात गेला आणि वॉल्व्ह अगदी चिमूटभर उघडून पंप सुरू केला. पडदा पाइपाला चिकटला नाही, नुसता हलला.

साडेनवाला मॅडम आल्या. चारेवाल्यानं आधीच चुगली केली असावी, कारण त्या तडक आल्या. "मिस्त्री, पंप कुणाला विचारून..." आणि मग त्यांनी टाकीकडे पाहिलं.

 त्यांनी पर्स जमिनीवर ठेवली. मग त्याही ठेवल्यासारख्या खाली बसल्या. मी कामाला उशीर झाला म्हणून निघालो, दुपारी जेवणाच्या सुट्टीत परत आलो, तेव्हाही तिघं तिथंच होती: मॅडम, मामा आणि चारेवाला. जोडी सुटली होती. मादीच्या पाठीवर साठ-सत्तर अंडी दाट बसली होती, कारागिरानं एकेक जडवावी तशी.

"असं पहिल्यांदाच झालं इथं," मॅडम म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. बराच वेळ त्या पाटीकडे बघत होत्या. मग मामाकडे वळून, मुद्दाम मोठ्यानं, "बोलावल्याशिवाय ती आली नसेल."

"नाही, मॅडम."

"म्हणजे तो बोलत होता. मला ऐकू आलं नाही."

"मी पण चुकलो," मामा म्हणाला. "ऐकलं बरोबर. ओळखलं चूक. तीन चांगली बेअरिंगं फुकट घालवली."

"बेअरिंग तुमचं चुकलं," मॅडम म्हणाल्या, "पाटी माझी." आणि खिशातलं पेन काढून त्यांनी तिथल्या तिथं पाटीवरची शेवटची ओळ खोडली. प्रुफं तपासणारा म्हणून सांगतो, इतकी स्वच्छ खोडाखोड मी छापखान्यात कधी पाहिलेली नाही.

पत्राचं काय, हे विचारायची मामाची छाती नव्हती. मी भाचा, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "घंटा ऐकू येत नाही हे खरंच आहे. नियम मी बदलू शकत नाही." मामानं मान खाली घातली. "घंटा बदलू शकते. बोळात दिवा लावून घेते, घंटेबरोबर पेटणारा. आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत या पंपाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पत्र तोवर माझ्या खणात राहील."

पुढचे चार महिने मामा घरात दुसरं काही बोलला नाही. आधी अंड्यांभोवती कातडी फुगली, मग अंडी हळूहळू आत बुडाली आणि पाठ मधमाश्यांच्या पोळ्यासारखी झाली. प्रत्येक अंड्याला एक खोली, वर झाकण. मामा रोज मोजून यायचा. "आज एक झाकण हललं," असं तो जेवताना सांगायचा आणि मामी भाताचा घास खाली ठेवायची. "ताटावर बसून हे सांगायलाच हवं का?" पडद्याचा राग होताच. रिकाम्या खिडकीतून समोरच्या घरातल्या बाई थेट आमच्या कढईत बघायच्या. "बेडकिणीच्या बाळंतपणाला माझा पडदा," मामी म्हणायची, "माझ्या वेळी साधी सुट्टी मिळाली नव्हती यांना."

मधेच एका सकाळी मॅडम आठच्या आत येऊन स्क्रूड्रायव्हर मागून घेऊन गेल्या. मामा बोळात थांबला. थोड्या वेळानं त्या परत आल्या, स्क्रूड्रायव्हर दिला आणि 'हं' म्हणाल्या. मामानं हे मला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा 'हं' तसाच म्हणून दाखवला.

सतराव्या आठवड्यात मामीच म्हणाली, "चला, माझा पडदा कुठाय ते बघू द्या." एकतीस वर्षांत ती मत्स्यालयात पहिल्यांदा आली. मामानं तिला मागच्या बोळातून नेलं, एकेक पंप दाखवत, जणू घरातली माणसं. मग काचेसमोर उभं केलं.

मादी तळाशी होती, पाठ फुगलेली. एक झाकण उचललं गेलं. त्यातून आधी चांदण्यांची बोटं असलेला एक हात आला. हात जरा चाचपडला, मग आत गेला. मामी काचेला नाक लावून उभी. मग एकदम डोकं आलं, खांदे आले, आणि नखाएवढा अख्खा बेडूक बाहेर पडून तडक वर सुटला, श्वास घ्यायला. ना शेपूट, ना मधला काही उमेदवारीचा काळ. पोरगं तयार होऊनच आईच्या पाठीतून निघालं. मागोमाग दुसरं. आई जागची हलली नाही.

"बिचारी," मामी म्हणाली. "चार महिने पाठीवर, आणि एकानंही वळून बघितलं नाही."

चारेवाला कपानं पिल्लं वेचत होता. वेगळ्या टाकीत ठेवली नाहीत तर मोठी लहानांना गिळतात. शेवटी चव्वेचाळीस भरली. ती पोकळ झालेली कातडी मादीनं नंतर सोलून टाकली आणि पुन्हा पान झाली. पडद्याचा तुकडा मामीनं परत मागितला नाही. त्याच्यावर काय काय चिकटलं होतं ते तिनं पाहिलं होतं.

निघताना मामानं तिच्या कानामागे स्क्रूड्रायव्हरची मूठ धरली. नर लाकडाखाली होता. मामी डोळे मिटून उभी राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"काय म्हणतोय?" तिनं विचारलं.

"बोलावतोय."

"मग असं बोलवायचं असतं होय," मामी म्हणाली, आणि वाटभर गप्प होती. हे मला जरा काळजीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पेपर घेऊन लोखंडी पलंगावर टेकून बसला होता. डोकं पलंगाच्या दांडीला. मामी स्वयंपाकघरातून आली, हातात उलथनं. हाक मारली नाही, ओरडली नाही. दांडीच्या दुसऱ्या टोकावर उलथन्यानं वाजवलं: टिक-टिक-टिक-टिक.

मामानं पेपर खाली ठेवला. उठला. "आलो," म्हणाला, आणि खरंच गेला. आता चहा झाला की रोज दांडी वाजते.

मामा अजून पंपांच्या बोळातच आहे. बोळात तांबडा दिवा लागलाय. पत्र मॅडमच्या खणातच आहे. त्यांनी ते बाहेर काढलं नाही आणि मामानंही आठवण केली नाही. दुरुस्तीच्या वहीत पहिल्या पानावर मामानं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली आहे: 'आवाज आल्यास आधी पंप बंद करून ऐकावे.' सतरा नंबरची नवी पाटी आमच्या छापखान्यात छापली, प्रुफं मी तपासली.

साखर मात्र अजून मीच आणतो.